देवळातून दालनात

देवळासाठी घडविलेले शिल्प संग्रहालयात आले म्हणजे त्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर बंगळूरच्या सरकारी संग्रहालयाच्या संग्रहातील एका शिळेचा विचार करावा. हे संग्रहालय १८६५ साली स्थापन झाले.

ही शिळा मंड्या जिल्ह्यातील आतकूरची, शके ८७२ची, म्हणजे इ. स. ९४९-५० मधील. मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पाडाव केला. चोळ राजपुत्र राजादित्य तेथे पडला. गंग राजा बूतुग कृष्णाच्या बाजूने लढला होता. बूतुगाचा सेवक मणलेर याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन धन्याने त्याला हवे ते मागावयास सांगितले. मणलेराने मागितला धन्याचा काळी नावाचा श्वान! पुढे तो श्वान एका प्रचंड रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्याच्या स्मरणार्थ मणलेराने देवळासमोर शिळा उभारली, तीवर ती झुंज कोरविली व जमीन दान दिली. लेखात एक अटही घातली : देवस्थान सांभाळणाऱ्या गोरवाने या शिळेची पूजा न करता अन्न सेवन केले, तर तो पापाचा धनी होईल.

आता ही शिळा ज्याच्या स्वाधीन होते, त्याने त्या अटीचे काय करावे? संग्रहालयात तेलाचा अभिषेक व हळदकुंकू यांना स्थान देता येत नाही. त्यांची पुटे चढून अक्षरे बुजतात. परंतु नुसती चिठ्ठी लावून शिळा भिंतीशी टेकवून ठेवणे, हीही तिची उपेक्षाच होय. दालनाची आखणी करणाराने तिच्यापुढे माणूस थांबू शकेल इतकी मोकळी जागा सोडावी. प्रकाश समोरून न टाकता एका बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे झिजलेली अक्षरे व कोरीव रेषा सावलीने उठून दिसतात. चौथरा बेताच्या उंचीचा असावा. पुष्कळ वीरगळांवर खालच्या पट्टीत युद्ध, मधल्या पट्टीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगापुढे तो वीर, अशी कथा खालून वर चढत जाते. तळची पट्टी झाकली गेली तर कथेचा आरंभच हरवतो. आणि लेखाचा अर्थ, त्या अटीसह, येणाऱ्याला समजेल अशा भाषेत शेजारी लिहावा.

महाराष्ट्रातही गावोगावच्या मारुतीच्या पारापाशी असे वीरगळ उभे आहेत. कोठे शेंदराखाली, कोठे निम्मे मातीत. त्यांतील काही उद्या संग्रहालयात येतील. मूळ स्थान, मूळ दिशा आणि तेथील पूजेची रीत यांची नोंद शिळा हलविण्यापूर्वीच व्हावयास हवी, कारण मागाहून ती कोणालाही करता येत नाही. गोरवाचे कर्तव्य आता संग्रहपालाकडे आले आहे. पूजेचे रूप पालटले, तरी शिळेकडे नित्य लक्ष देण्याची जबाबदारी मात्र टळलेली नाही.