रबराचे झाड मायदेशी का हरले?

रबराचे झाड मूळचे कोठले, असे विचारल्यावर विद्यार्थी ‘ब्राझील’ असे बिनचूक उत्तर देतात. मग पुढचा प्रश्न विचारून पाहावा : आज जगातले बहुतेक नैसर्गिक रबर थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम अशा आशियाई देशांतून का येते? ज्या मातीत हे झाड जन्मले तेथेच त्याची शेती का फसली? याचे उत्तर शोधताना एका बुरशीची ओळख करून घ्यावी लागते.

१८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात नेल्या. त्यांतल्या अडीच-तीन हजारच रुजल्या. यांतली रोपे श्रीलंकेला व पुढच्या वर्षी सिंगापूरला गेली. आशियातील रबराच्या बागा मुख्यतः या मोजक्या रोपांच्या वंशातल्या आहेत. बियांचा प्रवास झाला, बुरशी मात्र मागेच राहिली.

या बुरशीचे आजचे नाव स्यूडोसर्कोस्पोरा उलेई. ती फक्त रबराच्या जातकुळीतील झाडांवर जगते. तिचा बीजाणू कोवळ्या पानावर पडला आणि पान काही तास ओले राहिले, की तो रुजतो. पानावर डाग पडतात, ते आक्रसते व गळून पडते. पान एकदा जून झाले, की बुरशीला त्यात शिरता येत नाही. झाड पुन्हा पालवी फोडते, बुरशी पुन्हा ती गाळते. रबराचा चीक खोडाच्या सालीतील नलिकांत तयार होतो खरा, पण त्यासाठी लागणारी साखर पानेच बनवतात. त्यामुळे पाने गेली की चीक घटतो. वारंवार पानगळ झाली तर फांद्या वाळतात आणि अखेर झाडही मरते.

मग जंगलातली झाडे कशी टिकली? तेथे एका हेक्टरात रबराची दोन-तीनच झाडे असतात. मध्ये शेकडो इतर वृक्ष. एका झाडावरचे बीजाणू दुसऱ्यापर्यंत सहज पोहोचत नाहीत. बागेत मात्र तेवढ्याच जागेत चारशे-पाचशे झाडे लावली जातात. बुरशीला याहून चांगली सोय कोणती?

सुरिनाम व ब्रिटिश गियाना येथील बागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या रोगाने बसल्या. तरीही मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांनी १९२७ मध्ये ब्राझीलमधील तापाजोस नदीकाठी सुमारे दहा लाख हेक्टर जमीन मिळवली आणि तेथे ‘फोर्डलँडिया’ वसवले. झाडांचे माथे एकमेकांना भिडू लागताच रोग पसरला. १९३४ मध्ये बेलतेरा येथे दुसरी बाग सुरू झाली. त्यासाठी आशियातून भरपूर चीक देणारे वाण आणले होते. पण ते बुरशीच्या गैरहजेरीत निवडलेले असल्याने चटकन बळी पडले. तेव्हा एक युक्ती योजली गेली. मूळ एका झाडाचे, त्यावर डोळा भरून खोड भरपूर चिकाच्या वाणाचे, आणि त्याच्यावर पुन्हा डोळा भरून माथा रोगाला दाद न देणाऱ्या झाडाचा! हे काम खर्चाचे व वेळखाऊ ठरले. दोन कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्यावर १९४५ मध्ये दोन्ही वसाहती अडीच लाख डॉलरांत ब्राझील सरकारकडे गेल्या.

आज ब्राझीलचे बरेचसे रबर अ‍ॅमेझॉनपासून दूर असलेल्या साव पावलो राज्यात होते. तेथे नवी पालवी कोरड्या दिवसांत फुटते. पाने ओली राहत नाहीत, म्हणून बीजाणू रुजत नाहीत.

आशियात हा रोग अजून शिरलेला नाही. पण केरळपासून गोवा-सिंधुदुर्गापर्यंतच्या बागांतील झाडे त्याच अरुंद वंशातली आहेत, आणि विमानाच्या टायरांना नैसर्गिक रबराला पुरता पर्याय अजून नाही. एखाद्या रोपाबरोबर किंवा प्रवाशाच्या कपड्यांवरून बीजाणू आले, तर गोष्ट सोपी राहणार नाही. म्हणूनच १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय रबर संशोधन व विकास मंडळाची मोहीम पुन्हा अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेली. विकहॅमच्या वेळी मागे राहून गेलेली विविधता बियांच्या रूपाने गोळा करणे, हे तिचे काम होते.