शाळेच्या दप्तरातील एक ओळ

मुलाचे नाव शाळेत घालणे ही आज अगदी साधी गोष्ट वाटते. जून उजाडला, की आईबाप मुलास घेऊन गुरुजींपुढे उभे राहतात, गुरुजी जनरल रजिस्टरात एक ओळ लिहितात आणि काम संपते. परंतु त्या एका ओळीस मोठा इतिहास आहे. व कुडपणसारख्या, सह्याद्रीच्या माथ्याशी वसलेल्या गावच्या कुटुंबांना तर तिचे मोल सातबाराच्या उताऱ्याहून कमी नाही. म्हणून ज्ञातिबांधवांपुढे तिची हकीकत ठेवावयाचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी पंतोजींच्या गावठी शाळा असत. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, पावकी-निमकी घोकावी, एवढा त्यांचा पसारा. कोणाचे मूल घ्यावे व कोणाचे नाही, हे पंतोजी आणि गावची मातबर मंडळी ठरवीत. कंपनी सरकारच्या शाळा निघाल्यावर मात्र एक नवाच प्रश्न उभा राहिला : खजिन्याच्या पैशावर चालणारी शाळा सर्वांची, की काहींची? इ. स. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. प्रकरण हिंदुस्थान सरकारपर्यंत गेले, पुढे विलायतेस कंपनीच्या संचालकांपर्यंत पोहोचले, आणि १८५८ मध्ये त्यांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत असे कळविले. कागदावर निकाल लागला. गावात तो पोहोचावयास पुढची पाऊणशे वर्षेही पुरली नाहीत!

डोंगराच्या पलीकडे, साताऱ्यास, ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात अशीच एक ओळ लिहिली गेली. नाव होते भिवा रामजी आंबेडकर, अनुक्रमांक १९१४. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाले. ते रजिस्टर जपले गेले म्हणूनच ही तारीख आज आपणास सांगता येते, व २०१७ पासून महाराष्ट्र शासन ती विद्यार्थी दिवस म्हणून पाळीत आहे.

महाडचे नाव निघाले की चवदार तळे आठवते, आणि ते योग्यच आहे. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ज्या ठरावातून ती चळवळ उभी राहिली, तो रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ४ ऑगस्ट १९२३ चा मुंबई कायदे कौन्सिलातील ठराव केवळ पाणवठ्यांपुरता नव्हता. विहिरी व धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने हेही त्यात होते. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले करण्याचा ठराव केला, १९२७ च्या मार्चमध्ये सत्याग्रह झाला; शाळेचे कलम मात्र लोकांच्या स्मरणातून मागे पडले. बोले स्वतः आपल्या भंडारी ज्ञातीचेही पुढारी होते. ज्ञातिकार्य करणाऱ्याची दृष्टी ज्ञातीच्या कुंपणात अडकून पडलीच पाहिजे असे नाही, हे आपल्यासारख्या संस्थांनी ध्यानी घ्यावे.

शिक्षण सर्वांस सक्तीचे असावे, ही मागणी महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे केली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ती १९०६ मध्ये आपल्या राज्यात अमलात आणली, कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. मुंबई इलाख्यात १९१८ चा विठ्ठलभाई पटेल यांचा कायदा आला खरा, पण तो नगरपालिकांपुरता. घाटमाथ्याजवळच्या वाडीस त्याचा काय उपयोग? लोकल बोर्डांच्या हद्दीसाठी १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १ एप्रिल २०१० पासून तर सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. जन्माचा दाखला नाही, किंवा आधीच्या शाळेचा दाखला यावयाचा आहे, एवढ्या कारणाने कोणासही प्रवेश नाकारता येत नाही. मुंबईहून गावी परतलेल्या व गावाहून मुंबईस गेलेल्या आपल्या कुटुंबांनी हे नीट लक्षात ठेवावे. 'कागद आणा, मग बघू' हे उत्तर ऐकून माघारी फिरू नये.

आता त्या ओळीच्या मोलाविषयी. जुन्या पिढीतील कितीतरी जणांचा जन्मदिवस १ जून आढळतो. त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे : तिथी आईस पावसाळ्यावरून आठवे, आणि गुरुजी शाळा सुरू होण्याची तारीख टाकून मोकळे होत. त्या काळास ते चालून गेले. परंतु त्याच ओळीत जातीचाही रकाना असे, आणि आज जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील तीच नोंद शोधावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या पूर्वीचे कागद विचारले जातात. ज्यांच्या घरी जमीन नाही व खरेदीखत नाही, त्यांच्यापाशी शाळेच्या रजिस्टराखेरीज दुसरे असणार काय? आम्ही शिक्षकी पेशात असताना जुन्या नोंदीसाठी आलेली माणसे पुष्कळ पाहिली. रजिस्टराची पाने सुटलेली, शाई उडालेली. आणि समोर नातवाच्या प्रवेशाची मुदत संपत आलेली.

भीती निराधार नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. माणसेच गेली, तेथे कागदांची काय कथा! दुसरीकडे पटसंख्या घटल्याने शाळा बंद होतात. २०१७ मध्ये राज्यातील दहापेक्षा कमी पटाच्या १३०० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. शाळा मिटली म्हणजे रजिस्टर नाहीसे झाले असे मात्र समजू नये. शेजारच्या शाळेत वा तालुक्याच्या शिक्षण विभागात चौकशी करावी.

म्हणून प्रत्येक घराने वडीलधाऱ्यांच्या नोंदीचा साक्षांकित उतारा आताच मागून ठेवावा. मूल शाळेत असतानाच नाव, आडनाव व जन्मतारीख तपासून घ्यावी. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचे नावही लिहावयाचे आहे, हेही विसरू नये. आणि जुन्या उताऱ्यावर जिल्हा 'कुलाबा' व तालुका 'महाड' असे दिसले तर गोंधळून जाऊ नये. जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, आणि पोलादपूर पूर्वी महाडातच मोडत असे.