सांगड आणि उलांडी : कोकणच्या एकखोडी होडीचा इतिहास

भिन्न दिसणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ बसविणे या क्रियेस मराठीत ‘सांगड घालणे’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार आज ग्रंथव्यवहारातही इतका रूढ झाला आहे की, त्याचे मूळ पाण्यात आहे याचे भान सहसा राहत नाही. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकमेकांस बांधून केलेले तरंगते साधन म्हणजे सांगड. भवनदी तरून जाण्याचे साधन म्हणून सांगडीचे रूपक संतवाङ्मयासही परिचित आहे. वस्तू दृष्टीआड झाली तरी तिचे नाव भाषेत टिकून राहते, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

मराठ्यांच्या सागरी इतिहासाचे लेखन बहुतांशी जलदुर्ग, गुराबा, गलबते आणि आंग्रे यांचे आरमार यांच्याभोवती फिरत आले आहे. ते स्वाभाविकही आहे. कारण पत्रे, तह आणि हिशेब निर्माण होतात ते राज्यसत्तेच्या नौकांविषयी. परंतु किनाऱ्यावरील सामान्य माणसाचा समुद्राशी नित्याचा संबंध आला तो एका झाडाचे खोड कोरून केलेल्या लहान होडीच्या द्वारे. या होडीने कागद मागे ठेवले नाहीत. तिने मागे ठेवले ते शब्द आणि स्वतःची घडण. या दोन साधनांवरून तिचा इतिहास कितपत उभा करता येतो, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जगातील लहान नौकांची दोन कुळे ठळकपणे वेगळी दिसतात. एका कुळात खोड पोखरून नौका करतात. ‘कनू’ हे नाव कॅरिबियन बेटांवरील अशाच नौकांवरून स्पॅनिश भाषेमार्फत युरोपात रूढ झाले. दुसऱ्या कुळात सांगाडा करून त्यावर कातडे ताणतात. उत्तर ध्रुवाकडील, जेथे मोठी झाडे वाढत नाहीत अशा प्रदेशातील कयाक ही या कुळातील. दख्खनच्या नद्यांवर या दुसऱ्या कुळाचीच एक शाखा नांदत होती. डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने इ. स. १५२०च्या सुमारास विजयनगरजवळ तुंगभद्रेवर वेताच्या, बाहेरून कातडे मढविलेल्या, टोपलीसारख्या गोल नावा पाहिल्या व त्यांत पंधरा-वीस माणसे बसत असे नमूद केले. घाटाखाली मात्र खोडाच्या होडीचे राज्य होते. सावित्री, वासिष्ठी, शास्त्री, वाघोटण, गड, कर्ली व तेरेखोल या नद्यांच्या खाड्यांत भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर जाते. तेथे उथळ पाण्यात चालणारी आणि एक-दोन माणसांस वल्हविता येणारी अशी अरुंद होडीच उपयोगी पडे.

या होडीची अडचण तिच्या जन्मातच आहे. तिची रुंदी खोडाच्या घेरापेक्षा फारशी अधिक होऊ शकत नाही. आणि लांब पण अरुंद नौका लाटेच्या माऱ्याने सहज कलंडते. या अडचणीवर दोन उपाय सापडले. पहिला उपाय म्हणजे दोन होड्या एकत्र बांधणे, अर्थात सांगड. दुसरा उपाय म्हणजे होडीच्या एका बाजूस दोन आडवे दांडे बाहेर काढून त्यांच्या टोकांस होडीशी समांतर असा लाकडाचा तरंगता ओंडका बांधणे. रत्नागिरीपासून गोमंतक व कारवारपर्यंत या योजनेस ‘उलांडी’ म्हणतात.

पहिल्या उपायाचे प्राचीनत्व लिखित पुराव्याने सिद्ध होते. इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवृत्तात भारताच्या पूर्व किनाऱ्याच्या वर्णनात ‘सांगारा’ नावाच्या नौकांचा उल्लेख येतो. एका खोडाच्या मोठ्या नावा एकत्र जोडून त्या केलेल्या असत, असे तो अज्ञात लेखक सांगतो. ‘सांगारा’, संस्कृत ‘संघाट’, मलयाळम ‘चंगाडम्’, पोर्तुगीज ‘जंगादा’ आणि मराठी ‘सांगड’ ही एकाच शब्दकुळातील रूपे असावीत, असे मानण्यास भक्कम आधार आहे.

दुसऱ्या उपायाचा प्रश्न अधिक बिकट आहे. उलांडीसारखी योजना पॅसिफिक महासागरातील बेटांपासून इंडोनेशिया, निकोबार व श्रीलंका येथपर्यंत आणि पश्चिमेस मादागास्कर व कोमोरो बेटांपर्यंत आढळते. ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे दर्यावर्दी मादागास्करला पोहोचले, हे भाषेवरून निर्विवाद आहे. भारतीय नौकांच्या घडणीविषयी जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात भारतीय किनाऱ्यावरील उलांडीचा संबंध याच बेटवासीयांच्या संचाराशी जोडला. त्यानंतरच्या विवेचनावर या मताची छाप दीर्घकाळ राहिली.

तथापि या मताचा स्वीकार करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली भौगोलिक आहे. श्रीलंका आणि कोकण यांच्या दरम्यान केरळच्या किनाऱ्यावर उलांडी नसलेली खोडाची नावच प्रामुख्याने आढळते. कल्पना किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत आली असेल, तर मधली ही कडी का तुटावी? दुसरी गोष्ट वापराची आहे. श्रीलंकेच्या ‘ओरुवा’ नावेत उलांडी सदैव वाऱ्याच्या बाजूस ठेवण्यासाठी नावेचीच दोन्ही टोके आळीपाळीने नाळ म्हणून वापरतात. ही रीत पॅसिफिक बेटांवरील रीतीशी जुळते. कोकणात उलांडीची होडी मुख्यतः रापणीच्या मासेमारीशी बांधलेली आहे. रापणीचे लांब जाळे होडीतून अर्धवर्तुळाकार सोडीत जातात आणि नंतर त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढतात. जाळ्याच्या भाराने होडी कलू नये आणि जाळे सोडण्याची बाजू मोकळी राहावी, या दोन्ही गरजा एकाच बाजूच्या उलांडीने भागतात. सारांश, उलांडी बाहेरून आली असे मानले तरी ती येथे टिकली ती रापणीच्या गरजेमुळे. निव्वळ साम्यावरून उगम सिद्ध करणे धोक्याचे आहे.

शब्दांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. निकोबारमधील उलांडीयुक्त नावेस आज सर्रास ‘होडी’ म्हणतात. यावरून कोकण व निकोबार यांचा प्राचीन संबंध कल्पिणे मोहक वाटेल. परंतु हे नाव बाहेरून आलेल्या बोलव्यवहारातून तेथे रूढ झालेले असणेच अधिक संभवनीय आहे.

आता या होडीचा राज्यसत्तेशी आलेला संबंध पाहावयाचा. इ. स. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनी रचलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी प्रसिद्ध आज्ञा आहे. आंबा व फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांस हात लावू नये; कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात; एखादे झाड जीर्ण झाले असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे, असा तिचा आशय आहे. ही आज्ञा सहसा पर्यावरणाच्या किंवा प्रजाहिताच्या संदर्भात उद्धृत होते. परंतु आंब्याचे खोड हेच कोकणी होडीचेही एक प्रमुख लाकूड होते. आज्ञापत्रात होडीचा विचार नाही हे खरे; तरीही परसातील त्याच आंब्याकडे आरमार आणि होडी या दोहोंची नजर होती, हे या आज्ञेच्या वाचनात विसरता येत नाही.

आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीच्या परंपरेत रचले गेले, आणि मालवणचा सिंधुदुर्ग हा त्या गादीच्या आरमाराचा मुख्य आधार होता. १ ऑक्टोबर १८१२च्या तहाने मालवण बंदर सिंधुदुर्गासह इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूरच्या सशस्त्र नौकांचा इतिहास संपला. होडीचा इतिहास मात्र संपला नाही. सिंधुदुर्गाच्या तटाखालीच गाबीत मच्छीमारांच्या रापणी पुढेही पडत राहिल्या. राजकीय इतिहासाने जेथे पूर्णविराम दिला, तेथे सामाजिक इतिहासात साधा स्वल्पविरामही पडला नाही. कालखंडांची विभागणी कोणाच्या नौकेवरून करावयाची, हा प्रश्न यातून उपस्थित होतो.

होडीवर खरे संकट आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. यांत्रिक नौका वाढल्या. त्यांच्या आणि पारंपरिक मच्छीमारांच्या संघर्षाची पार्श्वभूमी असलेला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ साली झाला. लाकडाची जागा फायबरने घेतली. तारकर्ली-देवबागच्या खाडीत आता पर्यटकांच्या प्लास्टिकच्या कयाकही दिसतात. ध्रुवप्रदेशातील नौकेचे कूळ अशा रीतीने उष्ण कटिबंधातील खाडीत येऊन पोहोचले आहे. बदल हा नौकांच्या इतिहासाचा धर्मच आहे, म्हणून याविषयी खंत करण्याचे कारण नाही.

परंतु कागद मागे न ठेवणाऱ्या वस्तूचा पुरावा ती वस्तू व ती घडविणारा हात यांच्याबरोबरच नाहीसा होतो. उरलेल्या लाकडी होड्यांची मोजमापे, उलांडीचे दांडे बांधण्याच्या रीती, लाकडाच्या जाती आणि प्रत्येक भागाचे गावोगावचे नाव यांची नोंद होणे हे इतिहाससंशोधनाचेच कार्य आहे. दफ्तरातील कागद आणि किनाऱ्यावरील वस्तू यांची सांगड घातल्यावाचून कोकणच्या समुद्राचा इतिहास एकाच बाजूस कललेला राहील.