रशीद अराईन यांची 'दुसरी कहाणी'

२९ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत 'द अदर स्टोरी' हे प्रदर्शन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये काम केलेल्या आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या २४ कलावंतांची कामे त्यात होती. ब्रिटनच्या आधुनिक कलेच्या इतिहासात यांतल्या बहुतेकांना जागा मिळाली नव्हती. प्रदर्शनाचे क्युरेटर होते रशीद अराईन. कराचीत जन्मलेले, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, आणि स्वतः कलावंत.

प्रदर्शन म्हणजे निवडक चित्रे भिंतीवर लावणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अराईन यांनी प्रदर्शनाचा वापर इतिहास लिहिण्यासाठी केला. त्यामुळेच समकालीन कलेच्या क्युरेशनमधला तो एक धाडसी प्रयोग मानला जातो.

एक पत्र आणि दहा वर्षे

अराईन १९६४ साली लंडनला आले. इंजिनिअरिंगची शिस्त त्यांच्या शिल्पांत उतरली. समान आकाराच्या चौकटी, तिरके आधार, कुणालाही हलवून पुन्हा मांडता येईल अशी रचना. त्याच काळात युरोप-अमेरिकेत 'मिनिमलिझम' गाजत होता. तिथल्या गोऱ्या शिल्पकारांना आधुनिक म्हटले गेले. अराईन यांच्या कामात मात्र समीक्षक 'पूर्वेकडचे' आणि 'इस्लामी' काय आहे ते शोधत राहिले.

हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९७८ साली त्यांनी ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलकडे अशा कलावंतांच्या प्रदर्शनाचा प्रस्ताव पाठवला. तो नाकारला गेला. त्याच वर्षी त्यांनी 'ब्लॅक फिनिक्स' हे नियतकालिक काढले आणि १९८७ मध्ये 'थर्ड टेक्स्ट'. प्रदर्शन उभे राहायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

ते उभे राहिले ते वर्षही लक्षात घ्यायला हवे. १९८९ मध्ये 'सॅटॅनिक व्हर्सेस'च्या वादाने ब्रिटन ढवळून निघाला होता. तिथल्या वृत्तपत्रांतला मुसलमान हा पुस्तक जाळणारा मुसलमान होता. त्याच वर्षाच्या अखेरीस एक मुसलमान कलावंत देशाच्या प्रतिष्ठित गॅलरीत आधुनिकतेचा हिशेब मागत होता.

व्याख्यानातली जखम

प्रदर्शनाचे चार भाग होते. पहिल्याचे नाव होते 'आधुनिकतेच्या बालेकिल्ल्यात'. आम्ही बाहेरून डोकावणारे पाहुणे नव्हतो, आत राहून काम करत होतो, हा दावा त्या नावातच होता. जमैकाचे शिल्पकार रोनाल्ड मूडी दंतवैद्यक शिकायला लंडनला आले आणि ब्रिटिश म्युझियममधली इजिप्शियन शिल्पे पाहून लाकूड कोरू लागले. गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना करून १९४९ साली लंडनला गेले. पन्नासच्या दशकात तिथे त्यांचे मोठे नाव झाले. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि लंडनला त्यांचा विसर पडला.

सर्वांत बोलकी कथा अन्वर जलाल शेम्झा यांची आहे. लाहोरमध्ये ते चित्रकार आणि उर्दू लेखक म्हणून नावाजलेले होते. १९५६ मध्ये ते लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तिथे एका व्याख्यानात प्रसिद्ध कला-इतिहासकार गोम्ब्रिच यांनी इस्लामी कला ही 'उपयोगापुरती' असल्याचे सांगितले. शेम्झा यांना ते जिव्हारी लागले. त्यांनी आपली जुनी चित्रे नष्ट केली आणि शून्यापासून सुरुवात केली. अरबी अक्षरांची वळणे, गालिच्यांची नक्षी, वास्तूंच्या कमानी आणि पॉल क्लेची भूमिती यांतून त्यांनी स्वतःची भाषा घडवली. १९८५ साली त्यांचे निधन झाले. हेवर्डच्या भिंतीवर आपले काम पाहायला ते नव्हते.

गोम्ब्रिच यांच्या गाजलेल्या ग्रंथाचे नाव 'द स्टोरी ऑफ आर्ट', म्हणजे कलेची कहाणी. हे आठवले, की 'दुसरी कहाणी' या शीर्षकाचा रोख कळतो.

वेगळी खोली हवी का?

प्रदर्शनावर टीका झाली. ब्रायन सेवेलसारख्या समीक्षकांनी ही मंडळी पाश्चात्त्य कलेची दुय्यम नक्कल करतात, असा सूर लावला. परंपरेला धरून काम केले तर 'मागास' आणि आधुनिक काम केले तर 'नक्कल', हा पेच आपल्यालाही अनोळखी नाही.

खरा अवघड प्रश्न मात्र आतून आला. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांनी प्रदर्शनात सहभागी व्हायला नकार दिला. वंशाच्या आधारे एकत्र बांधले जाणे काही कलावंतांना मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी कपूर यांनी व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. त्यांची भूमिका सहज झटकून टाकता येत नाही. वेगळी खोली मिळाली, की मुख्य दालनाचे दार आपोआप बंद होते, ही भीती रास्त आहे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्याकडेही हाच प्रश्न विचारला गेला: मराठीत लिहिता, मग वेगळे संमेलन कशाला? अराईन यांचे उत्तर सोलापूरलाही लागू पडते. वेगळेपण मिरवण्यासाठी ते वेगळे प्रदर्शन भरवत नव्हते. मूळ इतिहास अपुरा आहे, याचा पुरावा ते एका जागी गोळा करत होते. पुरावा विखुरलेला असेपर्यंत प्रत्येक कलावंत हा एकटा अपवाद ठरतो. एकत्र मांडला, की वगळण्याची पद्धत दिसू लागते.

नंतरचा काळ पाहिला, तर हा पुरावा वाया गेला नाही. या २४ जणांतल्या लुबेना हिमिड यांना २०१७ मध्ये टर्नर पारितोषिक मिळाले. फ्रँक बोलिंग यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन टेट ब्रिटनमध्ये २०१९ साली भरले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. सोनिया बॉइस यांनी २०२२ मध्ये व्हेनिसला ब्रिटनसाठी सुवर्ण सिंह जिंकला.

तरीही दुसरी कहाणी म्हणजे पूर्ण कहाणी नव्हे. २४ कलावंतांत स्त्रिया फक्त चार होत्या, ही टीका योग्यच होती. आणि मराठी वाचकाला आणखी एक नाव खटकेल. सूझांचे प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले सहकारी, शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ पासून जवळपास पाव शतक ब्रिटनमध्ये राहिले. पुढे ते कोकणात, मुरुड-हर्णैला येऊन स्थायिक झाले. हेवर्डच्या यादीत ते नव्हते. वगळलेल्यांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही निवड करावीच लागते, आणि निवडीत कुणीतरी सुटते. बाकरे यांच्यासारख्यांची कहाणी कुठे आणि कशी मांडायची, हे काम आता मराठीत लिहिणाऱ्यांचे आहे.