थेनारचें पाणी

वस्तु मिळविण्यापेक्षां ती सांभाळणें अधिक कठीण, हा संसारांतला अनुभव रसायनशाळेंतही येतो. जखम धुण्यासाठीं तपकिरी बाटलींत मिळणारें हायड्रोजन पेरॉक्साइड आमच्या वाचकांच्या परिचयाचें असेलच. त्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

लुई जाक थेनार हा फ्रान्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा. १८१८ सालीं पॅरिस येथें त्यानें बेरियम पेरॉक्साइड आम्लांत विरघळविलें. आपणांस अधिक प्राणवायूचें नवें आम्ल लाभलें, असें त्यास प्रथम वाटलें. परंतु पुढील प्रयोगांवरून तो जादा प्राणवायु आम्लांत नसून पाण्यांतच शिरला आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्यानें आपलें मत बिनदिक्कत बदललें. गंधकाम्लानें बेरियमचा सांका खालीं बसवावयाचा, भांडें बर्फांत ठेवावयाचें, व शेवटीं निर्वात पात्रांत राहिलेलें पाणी उडवून लावावयाचें, अशी त्याची रीत होती. अखेर पाण्याच्या १.४५ पट जड असा द्रव हातीं आला.

पण तो टिकेना! चांदीच्या किंवा प्लॅटिनमच्या चूर्णाचा स्पर्श होतांच तो उसळे व प्राणवायु सोडी. चूर्ण मात्र जसेंच्या तसें राही. अशा क्रियांस बर्झेलियसनें १८३५-३६ च्या सुमारास 'कॅटॅलिसिस' हें नांव दिलें.

म्हणूनच प्रयोगशाळेंत हा द्रव थंड व अंधाऱ्या जागीं ठेवतात, त्यांत किंचित् आम्ल राखतात, वायूस बाहेर पडण्यास वाट ठेवतात, आणि एकदां काढलेला द्रव पुन्हा मूळ बाटलींत ओतीत नाहींत. धुळीचा किंवा धातूचा एक कणही घात करण्यास पुरेसा होतो.

हे नियम क्षुल्लक वाटतील. परंतु १९५५ सालीं 'सिडन' या ब्रिटिश पाणबुडीवर टॉर्पेडोंतील तीव्र पेरॉक्साइडचा स्फोट होऊन १३ माणसें दगावलीं, आणि ब्रिटिश नौदलानें ते टॉर्पेडो टाकून दिले. इतरत्र मात्र त्यांचा वापर चालूच राहिला. १२ ऑगस्ट २००० रोजीं रशियाची 'कुर्स्क' पाणबुडी ११८ जणांसह बुडाली. तिच्या नाशाचा आरंभही याच द्रवाच्या गळतीपासून झाला, असें सरकारी चौकशींत ठरलें.

प्रयोगानें चूक दाखवितांच थेनारनें ती मान्य केली. दुसऱ्याच्या अपघातावरून आपली चूक ओळखणें राष्ट्रांस मात्र अवघड जातें, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.