सुट्टीत अटक झाली तर? मावळ-लोणावळ्यातील बांधवांसाठी माहिती

रविवारी लेणी पाहायला किंवा भुशी धरणावर गेलेल्या मुलाला पोलिसांनी अटक केली, की घरच्यांना वाटते, आता कोर्ट सोमवारीच. हा गैरसमज आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. सुट्टी असली तरी ही मुदत वाढत नाही. त्या दिवशी रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेले असतात. ही तरतूद १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत खुद्द बाबासाहेबांनी मांडली होती.

काय करावे?

१. अटकेची वेळ आणि कलम विचारून लिहून ठेवा. कारण सांगणे व नातेवाइकांना कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७, ४८).

२. गुन्हा जामीनपात्र असेल, तर पोलीस ठाण्यातच जामीन मिळतो. अजामीनपात्र असेल, तर जामिनाची सुनावणी सुट्टीनंतर होऊ शकते.

३. मारहाण झाली असेल, तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना व नंतर दंडाधिकाऱ्यांना सांगा.

४. वकील नसल्यास १५१०० वर फोन करा. अनुसूचित जाती-जमाती, महिला व कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो.

न वाचता कोऱ्या कागदावर सही करू नका.