पपनसांच्या गावची बाग

मॉरिशसमधील पाँपलमूस या गावाचे नाव एका फळाचे आहे. ते फळ म्हणजे आपल्या ओळखीचे पपनस. हे फळ मूळचे आग्नेय आशियातले, बेटावर बाहेरून आलेले. या गावातील विख्यात वनस्पती उद्यानाचा इतिहासही असाच, आणलेल्या गोष्टींचा आहे. देशीवादाच्या चर्चेत 'देशी' आणि 'परके' हे शब्द आपण सहजपणे वापरतो. हा इतिहास वाचताना ते जपून वापरावे लागतात, असे आम्हांस वाटते.

१७३५ मध्ये फ्रेंच गव्हर्नर लाबूर्दोने बेटावर आला. पाँपलमूसची मों प्लेझीर ही वाडी त्याची. तिथला भाजीपाला पोर्ट लुईला येणाऱ्या जहाजांना पुरवला जाई. १७६७ मध्ये प्रशासक म्हणून आलेल्या प्येर प्वाव्रने या वाडीचे उद्यान केले. जायफळ आणि लवंग यांवर तेव्हा डचांची मक्तेदारी होती. प्वाव्रने मोलुक्का बेटांकडे जहाजे पाठवून रोपे व बिया गुपचूप आणवल्या. आज रम्य स्थळ म्हणून पाहिली जाणारी ही बाग व्यापारी स्पर्धेतून वाढली, आणि बेटावरचे कष्ट मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाट्याला होते.

याच सुमारास, १७६८ ते १७७० या काळात, लेखक बर्नार्दँ द सँ-प्येर बेटावर राहिला. त्याच्या १७७३ च्या प्रवासवर्णनात गुलामांच्या हालांची स्पष्ट नोंद आहे. १७८८ च्या 'पॉल आणि व्हिर्जिनी' या कादंबरीतही गुलाम आहेत; पण युरोपीय वाचकाच्या मनात उरले ते निरागसतेचे हिरवे बेट. प्रवासवर्णन मागे पडले, कादंबरी घरोघर पोचली. उष्ण कटिबंधातील बेटाकडे 'नंदनवन' म्हणून पाहण्याची पर्यटकाची दृष्टी काही अंशी अशा वाङ्मयातून घडली आहे.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मोठ्या संख्येने नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांना 'परके' कसे म्हणावे? मॉरिशसला मूळ रहिवासीच नव्हते; तिथला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला आहे.

बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळील इल ओ झेग्रेत या चिमुकल्या बेटावर मात्र उलट प्रयोग चालतो. १९६५ मध्ये संरक्षित झालेल्या या बेटावर बाहेरची झुडपे उपटून स्थानिक वनस्पती लावल्या जातात, दुर्मीळ गुलाबी कबुतरे जपली जातात. इथे 'देशी' हा शब्द आवश्यकच आहे. तो नसता तर उरलेसुरले एबनीचे रानही गेले असते. परंतु एबनीच्या बिया पसरवणारी मूळची महाकासवे माणसाने केव्हाच संपवली होती. म्हणून सेशेल्समधील अल्दाब्राची कासवे आणून सोडली गेली. ती फळे खातात, बिया पसरवतात, आणि देशी रान पुन्हा रुजते.

एखाद्या भूमीशी नाते उगमावरून ठरवावे की तिथे केलेल्या कामावरून? वनस्पतिशास्त्राला दोन्ही कसोट्या लागतात. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र वनस्पतींसाठी घडवलेली पहिली कसोटी माणसांना आणि त्यांच्या भाषांना लावण्यापूर्वी ही कासवे आठवावीत.